विचारायला जवळ कुणीतरी हवं
डहाणू, तलासरी आणि पालघर-बोईसर भागात अंगणवाड्या, बालवाड्या आणि पाळणाघरं चालवणाऱ्यांचा जाहीरनामा

आम्ही सहा वर्षांखालची मुलं सांभाळतो. आमच्यातल्या काही जणी अंगणवाडीत सेविका आहेत, काही मदतनीस. काही जणी संस्थांच्या बालवाड्यांत शिकवतात. काही जणींनी बोईसरच्या चाळीत स्वतःच्या घरातच पाळणाघर मांडलंय. तारापूरच्या एमआयडीसीत पाळीवर जाणारे आईबाप सकाळी साडेसहाला मूल हातात देऊन बस पकडतात. कुणाला मानधन मिळतं, कुणाला संस्थेचा पगार, कुणाला दरमहा घरोघरी मागून गोळा करावी लागणारी फी. काम एकच असून आजवर आम्ही एका सतरंजीवर बसलो नाही. सेविकेला वाटायचं पाळणाघरवालीचा धंदा आहे, पाळणाघरवालीला वाटायचं सेविकेला सरकार सगळं पुरवतं. दोन्ही समज खोटे आहेत, हे एकमेकींच्या दारात जाऊन बसल्यावरच कळलं.

आमचं म्हणणं थोडक्यात असं. लहान मूल सांभाळणाऱ्या प्रत्येक बाईला, तिला चालत गाठता येईल अशा अंतरावर, अडलं तर विचारायला एक जाणतं माणूस असलं पाहिजे. आणि तिच्या कामात होणारा प्रत्येक बदल तिला समजेल अशा भाषेत, मुदत संपायच्या आधी, तिच्या हातात पडला पाहिजे. या दोन गोष्टींसाठी आम्ही ही चळवळ सुरू करतो आहोत.

आज काय होतं ते सांगतो. हजेरी, गरम ताजा आहार, वजन-उंची, गृहभेटी, लसीकरणाची यादी, गरोदर आणि स्तनदा मातांच्या नोंदी अशी माहिती रोज आमच्याकडून वर जाते. बीटकडून प्रकल्पाकडे, प्रकल्पाकडून जिल्हा परिषदेकडे, तिथून मुंबईला आणि दिल्लीला. वरून खाली येतात ते फक्त आदेश. तेही रात्री व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर, बऱ्याचदा इंग्रजी पीडीएफमध्ये, खाली ‘उद्या दुपारपर्यंत पूर्ण करावे’ असं लिहून. मुख्यसेविकेला विचारावं, तर तिच्याकडे वीस-पंचवीस अंगणवाड्या असतात, शेजारचं पद रिक्त असलं की दुसरं बीटही तिच्याच गळ्यात. महिन्याच्या बैठकीतला सगळा वेळ अहवाल गोळा करण्यात जातो. ‘ताई, हे मूल तीन महिने वाढलेलं नाही, मी काय करू’ हे विचारायला त्या बैठकीत जागा नसते. पाळणाघरवालीला तर तेवढीही बैठक नाही. घरगुती पाळणाघराकडे सहसा कुठलंच खातं फिरकत नाही, तपासायलाही नाही आणि शिकवायलाही नाही.

एक साधी गोष्ट घ्या, वजन करणं. दोन वर्षांच्या मुलग्याचं वजन ९.७ किलोच्या खाली असेल तर तो मध्यम कमी वजनाचा, ८.६ च्या खाली गेला तर तीव्र कमी वजनाचा. म्हणजे काट्यात तीनशे-चारशे ग्रॅमची चूक झाली तरी मूल एका गटातून दुसऱ्या गटात जाऊ शकतं. काटा शून्यावर न आणता मूल टांगलं, थंडी आहे म्हणून स्वेटर अंगावर ठेवला, मूल रडत हातपाय झाडत असताना काटा हलत होता आणि मधलाच आकडा लिहिला, यातलं काहीही झालं की तेवढा फरक पडतो. उंचीचंही तसंच. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला झोपवून मोजायचं, वरच्या मुलाला उभं करून. लहान मूल उभं करूनच मोजलं असेल, तर त्यात ०.७ सेंटिमीटर मिळवायचे. आमच्यातल्या कितीतरी जणींनी वर्षानुवर्षं काम केलं आणि हे ०.७ त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. दंडाचा घेर मोजायची पट्टी सगळ्यांकडे आहे. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली आला तर ते मूल अतितीव्र कुपोषित, हेही सगळ्यांना पाठ आहे. पण पट्टी नेमकी कुठे धरायची, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, मांसात रुतेल इतकी घट्ट नाही आणि लोंबेल इतकी सैल नाही, हे शेजारी बसून हात धरून दाखवावं लागतं. व्हिडिओ पाहून हे हाताला येत नाही.

म्हणून आम्ही गटागटानं आमच्या स्वतःच्या बैठका घेणार, आणि त्यांचं पहिलं काम काटे तपासण्याचं राहील. किराणा दुकानातून मिठाच्या एक किलोच्या पाच पुड्या आणायच्या, पिशवीत घालून प्रत्येकीच्या काट्याला टांगायच्या, काटा किती दाखवतो ते वहीत लिहायचं. काटा चुकत असेल तर कुणाची चूक म्हणून बोट दाखवायचं नाही, प्रकल्प कार्यालयाला सगळ्यांच्या सहीचं पत्र द्यायचं. एकट्या सेविकेनं ‘काटा बिघडलाय’ म्हटलं तर ते पत्र फायलीत पडून राहतं. पंधरा सह्यांचं पत्र तसं पडून राहणार नाही.

आता फोनचं. २०२१ मध्ये नोंदी भरायचं ॲप म्हणून पोषण ट्रॅकर आला. सुरुवातीला तो इंग्रजीत होता आणि हातातले फोन इतके कमजोर होते की ॲप उघडता उघडता बंद पडायचं. त्या वर्षी राज्यभर सेविकांनी ते फोन कार्यालयात नेऊन परत केले. २०२५ च्या १ जुलैपासून घरी न्यायचा शिधा देताना आईचा चेहरा फोनवर जुळवणं बंधनकारक झालं. आमच्या पाड्यांवर हे कसं चालतं ते पाहा. रेंज येते ती टेकडीच्या एका दगडावर. आई दिवाळीनंतर वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलेली, शिधा न्यायला आजी आलेली. ओटीपी ज्या नंबरवर जातो तो फोन नवऱ्याच्या खिशात, नवरा भट्टीवर. तरी त्या घरात शिधा गेला नाही तर मूल उपाशी राहणार आणि ॲपमध्ये लाल रंग दिसणार आपल्या नावावर. यावर शेजारच्या पाड्यावरच्या सेविकेनं काही ना काही वाट काढलेली असते: कुटुंब भट्टीवर जायच्या आधीच नोंदी पूर्ण करून घेणं, स्थलांतराची नोंद वेळेत करणं, भट्टीजवळच्या अंगणवाडीला फोन करून मूल सोपवणं. पण तिची वाट आमच्यापर्यंत येत नाही, कारण दोघींना भेटवणारी कुठलीच जागा नाही. अशी जागा झाली की निम्मे प्रश्न तिथल्या तिथे सुटतील, अशी आमची खात्री आहे. उरलेले वर पाठवू, आणि ते सगळ्यांच्या वतीनं पाठवू.

हा भाग अशा कामाला नवखा नाही. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, सोबत अनुताई वाघ होत्या. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पाड्यावरची मुलं शाळेत येईनात तेव्हा त्यांनी शाळा पाड्यावरच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात भरवली. दगड, बिया, पानं, शिंपले हेच शिकवायचं साहित्य. आणि आमच्या दृष्टीनं सगळ्यात मोलाचं म्हणजे, तिथल्याच बायकांना हाताशी धरून त्यांनी बालसेविका घडवल्या. शिकवणं आणि शिकवणारीला शिकवणं ही दोन कामं त्यांनी वेगळी पडू दिली नाहीत. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि वाढत वाढत गावोगाव पोचली. अंगणवाडी देशभर झाली, पण सेविकेच्या शेजारी बसणारं माणूस त्या वाढीत मागे राहिलं. कोसबाडपासून फार दूर नाही, जव्हारकडच्या वावर-वांगणीत १९९२ साली कुपोषणानं मुलं दगावली. त्यानंतर योजना आल्या, आहार वाढला, आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहारातून गरोदर बाईला एक वेळचं पूर्ण जेवण मिळू लागलं. हे सगळं हवंच होतं. तरी मूल ढासळायला लागतं तेव्हा पहिल्यांदा ते एका सेविकेच्याच नजरेला पडतं. त्या घडीला तिनं कुणाला विचारायचं?

पाळणाघरांचा प्रश्न वेगळा आहे आणि आम्ही तो मागच्या बाकावर बसवणार नाही. आमच्याकडे चिकूचा हंगाम असला की घरोघरी चिकू असतो, घोलवडचा चिकू तर नावाजलेला. मदतीला पुतणी असेल नाहीतर शेजारची मुलगी, ती मुलाच्या हातात चिकूची फोड देते. चिकूच्या बीला टोकाशी बारीक आकडा असतो. घशात गेली तर ती अडकून बसते. मूल खोकत असेल तर खोकू द्यायचं. आवाज बंद झाला, ओठ निळे पडू लागले तर वर्षाखालचं बाळ पालथं करून आपल्या हातावर घ्यायचं, डोकं खाली ठेवायचं, दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहातानं पाच वेळा जोरानं थोपटायचं, मग उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच वेळा दाबायचं. वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून तसंच पाठीवर पाच वेळा मारायचं, तेवढ्यानं निघालं नाही तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर आत आणि वरच्या दिशेनं दाबायचं. तोंडात आंधळेपणानं बोट घालायचं नाही, बी आणखी आत जाते. दुसऱ्या कुणीतरी तोवर १०८ ला फोन लावायचा. एवढं सहा ओळींचं ज्ञान आज बहुतेक पाळणाघरांत नाही. ते नाही म्हणून पाळणाघरवालीला दोष देणारे बरेच आहेत, तिच्या घरी जाऊन बाहुलीवर करून दाखवणारं कुणी नाही. आम्ही दाखवणार. दर सहा महिन्यांनी प्रत्येक पाळणाघरात हे पुन्हा करून पाहायचं, कारण हात विसरतात.

पाळणाघरवालीचं दुसरं दुखणं आजारपण. ती तापानं पडली की दहा घरांची पाळी बुडते, म्हणून ती तापातही मुलं घेते आणि ताप मुलांना जातो. तिच्या जागी दोन दिवस उभी राहील अशी बाई आधीपासून ठरलेली असली पाहिजे. बदलीला तयार असणाऱ्यांची यादी प्रत्येक बैठकीकडे राहील. मदतनीस सुट्टीवर गेली की सेविकेवर स्वयंपाक, मुलं आणि फोन तिन्ही येतात, तिथेही याच यादीचा उपयोग.

कायदा आणि निकाल यांच्याबद्दलही बोलायला हवं, कारण बातमी न पोचल्याचं सगळ्यात मोठं नुकसान तिथे होतं. २५ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं गुजरातमधल्या सेविका-मदतनिसांच्या खटल्यात निकाल दिला की १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा त्यांना लागू आहे. हा निकाल काय म्हणतो, कुठले कागद जपून ठेवायचे, नेमणुकीचं पत्र हरवलं असेल तर काय करायचं, हे मराठीत दोन पानांत लिहून प्रत्येक सेविकेच्या आणि मदतनिसाच्या हातात द्यायला हवं होतं. निवृत्त होऊन घरी बसलेल्या कितीतरी जणी आजही आम्हालाच विचारतात, आम्हाला ते मिळतं का गं. कारखान्यांचंही तसंच. २०१७ मध्ये प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय करणं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ देणं मालकावर बंधनकारक झालं. एमआयडीसीतल्या आमच्या किती आयांना हे माहीत आहे? कारखान्यानं आवारात वेगळी खोली बांधली नाही तरी जवळच्या चांगल्या पाळणाघराशी करार करता येतो. तो करार करून देण्याइतकी आमच्या पाळणाघरांची तयारी करून घेणं हेही या चळवळीचं काम आहे: स्वच्छ संडास, गॅस मुलांपासून दूर, मुलांमागे पुरेशा बायका, आत-बाहेर येण्याजाण्याची नोंद.

म्हणून दर महिन्याला एक कागद निघेल. एकच, दोन्ही बाजूंनी छापलेला, मोठ्या अक्षरात. काय बदललं, कधीपासून, आपण काय करायचं, अडलं तर कुणाला विचारायचं, एवढंच त्यात असेल. परिपत्रकाची भाषा त्यात असणार नाही. ज्या मदतनिसांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तो बैठकीत मोठ्यानं वाचला जाईल, आणि वाचल्यावर प्रत्येकीला तो आपल्या शब्दांत सांगायला लावला जाईल. आठ-दहा केंद्रांमागे एक जाणती ताई असेल. ती शक्यतो निवृत्त सेविका असावी, कारण तीस-पस्तीस वर्षांचं शहाणपण आज निरोपाच्या शालीबरोबर घरी पाठवलं जातं. तिच्या येण्याजाण्याचा आणि फोनचा खर्च आम्ही गोळा करू. फुकट सेवेची अपेक्षा आमच्याकडून सगळ्यांनी केली, ती आम्ही आमच्यातल्याच एकीकडून करणार नाही.

भाषेचं एक. आमच्याकडे मुलं घरी वारली बोलतात, कातकरी, कोकणा बोलतात, किनाऱ्यावर मांगेली. बोईसरच्या चाळीत भोजपुरी, ओडिया, गुजराती. तीन वर्षांचं मूल पहिल्या दिवशी आपल्याला कळत नाही अशी भाषा बोलत असेल तर ते मागास नाही, त्याला त्याच्या बोलीत बोलणारं माणूस मिळालं पाहिजे. मदतनीस बऱ्याचदा त्याच पाड्यावरची असते आणि तिला ती बोली येते. पूर्वशालेय शिक्षणाच्या तासाला तिला स्वयंपाकघरात पाठवून सेविकेनं प्रमाण मराठीत गाणी म्हणणं, हा मुलाचा आणि मदतनिसाचा दोघांचाही तोटा आहे. प्रत्येक बोलीतली बडबडगीतं, कोडी, खेळ बैठकीत म्हणून दाखवायचे, लिहून ठेवायचे.

आमच्या संघटनांशी आमचं भांडण नाही. ४ डिसेंबर २०२३ पासून बावन्न दिवस राज्यातल्या सेविका-मदतनिसांनी संप केला, आमच्यातल्या कितीतरी जणी त्यात होत्या. केंद्रानं ठरवलेलं मानधन २०१८ पासून सेविकेला ४५०० आणि मदतनिसाला २२५० रुपये इतकंच आहे. ते वाढलं पाहिजे, मानधन नावाचा पडदा काढून वेतन दिलं पाहिजे, या मागण्यांच्या आम्ही सोबत आहोत. मार्गदर्शन मिळालं की कमी पैशात चालेल असं कुणी म्हणू लागलं तर त्याला पहिला विरोध आमचा असेल.

आमच्या बैठकीत फोटो काढले जाणार नाहीत. पुरावा म्हणून मुलाच्या ताटाचा, वजनाचा, हात धुण्याचा फोटो काढून काढून आम्ही थकलो आहोत, आणि फोटो काढणारी बाई त्या क्षणी मुलाकडे बघत नसते. इथे तपासणी होणार नाही. चुका सांगायला बाई घाबरली तर ती चूक पुढच्या मुलाच्या वाट्याला येते, म्हणून बैठकीत सांगितलेली चूक बाहेर जाणार नाही. याला एक अपवाद आहे आणि तो आम्ही आधीच स्पष्ट करतो: मुलाला मारलं गेलं, डांबलं गेलं, त्याच्या अंगाला वाईट हेतूनं हात लागला, तर आम्ही कुणालाही झाकणार नाही, मग ती आमच्यातली असो, तिचा नवरा असो की सासरा. १०९८ ला फोन होईल आणि पुढच्या कारवाईत आम्ही मुलाच्या बाजूनं उभे राहू. मुलं सांभाळणाऱ्यांच्या चळवळीवर लोकांनी विश्वास ठेवायचा तर याहून कमी चालणार नाही.

जिल्हा परिषदेकडे आमचं मागणं आहे की आदेश मराठीत यावा आणि अमलासाठी किमान सात दिवस मिळावेत, आणि बैठकीचा अर्धा दिवस कामाचा धरला जावा. ग्रामपंचायतीकडे मागणं एका खोलीचं, पंख्याचं आणि पिण्याच्या पाण्याचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलं तपासायला येतंच. त्या डॉक्टरांनी आणखी एक तास आमच्याबरोबर बसावं आणि पाळणाघरातल्या मुलांनाही तपासावं. आईबापांना एवढंच सांगतो, मूल घ्यायला याल तेव्हा दोन मिनिटं थांबा, आज काय खाल्लं, कशाला रडलं, कुणाशी खेळलं ते विचारा.

संविधानाच्या ४५ व्या कलमात राज्यावर असं काम टाकलेलं आहे की सहा वर्षं पूर्ण होईपर्यंत सगळ्या मुलांचा सांभाळ आणि शिक्षण यांसाठी त्यानं झटावं. राज्य झटतं तेव्हा ते आमच्याच हातांनी झटतं. त्या हातांना शिकायला, विसावायला आणि विचारायला जागा मागण्यात आम्हाला कसलाही संकोच नाही.

येत्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी दोन वाजता, मुलं घरी गेल्यावर, प्रत्येक गटाची पहिली बैठक आहे. जागा तुमच्या गटातली जाणती ताई कळवेल. पाळणाघरवाल्यांना शनिवारी सुट्टी नसते, त्यांच्यासाठी तीच बैठक रविवारी सकाळी पुन्हा होईल. येताना आपला काटा, दंडाची पट्टी आणि मागच्या महिन्याची वजनांची वही घेऊन या. पाळणाघरवाल्यांनी मुलांच्या लसीकरणाची कार्डं आईबापांकडून मागून आणावीत. आणि प्रत्येकीनं आपल्याला अडलेला एक प्रश्न लिहून आणायचा. लिहिता येत नसेल तिनं तोंडी सांगावा, लिहून घ्यायला दारातच एक जण बसलेली असेल.